‘थ्रू आर.टी.’ लिहिले म्हणजे गोळी कुटायची, असे नव्हे

डॉक्टरांनी केस पेपरवर औषधांच्या यादीपुढे ‘थ्रू आर.टी.’ (म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) एवढे लिहिले, की पुढची सगळी जबाबदारी ड्यूटीवरच्या परिचारिकेवर येते. औषध कोणत्या वाटेने जायचे हे त्या शब्दांतून कळते. पण ते कोणत्या रूपात जायचे, किती पाण्यात कालवायचे, फीडच्या, म्हणजे नळीतून दिल्या जाणाऱ्या पातळ अन्नाच्या, आधी की नंतर द्यायचे आणि ते मुळात कुटण्याजोगे आहे की नाही, यातले काहीच त्यात लिहिलेले नसते. कामाच्या रेट्यात या सगळ्या प्रश्नांना खलबत्ता हेच उत्तर होऊन बसते: सकाळच्या सहा गोळ्या एकत्र कुटायच्या, अर्धा पेला पाण्यात ढवळायच्या आणि सिरिंजने नळीत सोडायच्या. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत मोठ्या सिस्टरांकडे पाहून हेच शिकले आणि बराच काळ हेच करत राहिले. या पद्धतीत नेमके काय चुकते आणि त्याऐवजी काय करावे, हे नाशिक परिसरातल्या वॉर्डांत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी, तसेच नळी असलेला रुग्ण घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे. औषध बदलणे, बंद करणे किंवा त्याची मात्रा ठरवणे हा डॉक्टरांचा अधिकार आहे. पण त्यांना वेळेवर नेमका प्रश्न विचारणे हे आपले काम आहे, आणि या विषयात बहुतेक चुका तो प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

आधी नळी आणि तिचे टोक

‘आर.टी.’ म्हणजे रायल्स ट्यूब. जॉन आल्फ्रेड रायल या ब्रिटिश डॉक्टरांचे नाव तिला मिळाले आणि आपल्याकडे ते आजही टिकून आहे. ही नळी नाकातून जठरात जाते. पेग ही पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली नळी असते. तिसऱ्या प्रकारात नळीचे टोक जठराच्या पुढे, लहान आतड्यात असते; मेडिसिन वॉर्डात ती क्वचित दिसते, पण जठरावरच्या किंवा अन्ननलिकेवरच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जरीच्या रुग्णांत ती असते. पोटातून बाहेर आलेली नळी पाहून ती जठरातली की आतड्यातली हे सांगता येत नाही, म्हणून ऑपरेशन नोट वाचल्याशिवाय तिच्यात काहीही सोडू नये. टोक आतड्यात असेल तर जठरात काम करणारी औषधे, उदाहरणार्थ अँटासिड किंवा सुक्राल्फेट, देऊन उपयोग नसतो. लोह आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी जी औषधे मुख्यतः त्याच्या आधीच्या भागात शोषली जातात, ती पुरेशी अंगी लागत नाहीत. आणि दाट, गोड सिरप पातळ न करता सोडले तर पोटात कळ येऊन जुलाब होतात, कारण जठर जसे दाट द्रव साठवून थोडेथोडे पुढे सोडते तशी सोय आतड्याला नसते.

नळीची जाडी फ्रेंच या मापात मोजतात आणि ३ फ्रेंच म्हणजे बाहेरून १ मिलिमीटर. म्हणजे १६ फ्रेंचची नळी बाहेरून साधारण ५.३ मिलिमीटर आणि ८ फ्रेंचची जेमतेम २.७ मिलिमीटर भरते. आतली पोकळी त्याहून कमी, आणि टोकाजवळची छिद्रे त्याहून लहान असू शकतात. जाडसर कुटलेल्या गोळीचा एखादा कण तेथे अडकला, की मागून येणारे फीड त्याच्याभोवती साचत जाते. बारीक नळी असेल तर गोळीपेक्षा पातळ औषध शोधण्याकडे कल असावा.

औषध देण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळीचे टोक जागेवर आहे याची खात्री करावी लागते. नळी पहिल्यांदा घातल्यावर एक्स-रे हा सर्वांत भरवशाचा पुरावा. त्यानंतर दर वेळी नाकपुडीजवळची खूण किंवा सेंटीमीटरचा आकडा नोंदवहीतल्या आकड्याशी जुळतो का ते पाहावे, तोंडात घशाशी नळीचे वेटोळे झालेले नाही ना हे टॉर्चने पाहावे आणि सिरिंजने नळीतून पोटातले थोडे पाणी ओढून पीएच पट्टीवर (आम्लता मोजणाऱ्या पट्टीवर) तपासावे. ५.५ किंवा त्याहून कमी पीएच आला, तर टोक जठरात असल्याचा तो चांगला पुरावा आहे. ज्यांना पँटोप्राझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध चालू आहे, किंवा ज्यांचे फीड नुकतेच झाले आहे, त्यांच्यात हा आकडा वर जातो. अशा वेळी अंदाजाने पुढे न जाता थोडा वेळ थांबून पुन्हा तपासावे आणि तरीही शंका राहिली तर डॉक्टरांना बोलवावे. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकणे ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत आहे, परंतु फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येऊ शकतो. नळीचे तोंड वाटीभर पाण्यात धरून बुडबुडे पाहणे तर सोडूनच द्यावे. बेशुद्ध रुग्णाला नळी श्वासनलिकेत गेली तरी खोकला येईलच असे नाही, आणि तो खोकला नाही म्हणून नळी बरोबर आहे असे मानणे फार धोक्याचे ठरते. रुग्णाला उलटी झाली, जोराचा खोकला आला किंवा रात्रीतून त्याने हात घालून नळी ओढली असेल, तर सकाळच्या औषधापूर्वी ही सगळी तपासणी नव्याने करावी.

खल हातात घेण्यापूर्वी

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. गोळी ही औषधाची नुसती ढेकूळ नसते. ती किती वेळात विरघळावी, जठरात विरघळावी की त्याच्या पुढे, हे तिच्या घडणीतच बसवलेले असते, आणि बत्त्याचा पहिला घाव ती घडण मोडतो.

नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल, एमआर, एलए किंवा रिटार्ड अशी अक्षरे असलेली गोळी बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू औषध सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली, की दिवसभराची मात्रा थोड्या वेळात एकदम रक्तात उतरते आणि दिवसाचा उरलेला भाग रुग्ण औषधाविना राहतो. निफेडिपिन रिटार्ड कुटून दिले तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. थिओफिलिनची अशी गोळी कुटली तर नाडी भरकटते आणि झटकेही येऊ शकतात. मेटफॉर्मिन एसआर, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट एसआर, व्हॅल्प्रोएट सीआर, टॅमसुलोसिन एमआर या सगळ्या याच वर्गातल्या. मेटोप्रोलॉल एक्सएल या गोळीवर मधोमध रेघ असते, तेथे ती मोडून अर्धी करता येते. पण मोडता येते म्हणून कुटताही येईल, हा समज चुकीचा आहे. अशा प्रत्येक गोळीला बहुधा साधा पर्याय उपलब्ध असतो, तो दिवसातून एकदाऐवजी दोन किंवा तीन वेळा द्यावा लागतो, आणि तो मात्रेसह डॉक्टरांकडून लिहून घ्यावा लागतो. एसआरची मात्रा आपणच भागून साधी गोळी सुरू करणे हे आपल्या अधिकारात बसत नाही.

दुसरा वर्ग जठराच्या आम्लात विरघळू नये म्हणून लेप दिलेल्या गोळ्यांचा. पँटोप्राझोलची गोळी कुटली, की लेप फुटतो, जठरातले आम्ल औषध नष्ट करते आणि रुग्णाला ते मिळाल्याची नोंद मात्र चार्टवर राहते. कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांवरही बहुतेक वेळा असा लेप असतो. तेथे औषध नष्ट होत नाही, पण लेपाचा हेतू संपतो आणि लेपाचे चिवट तुकडे नळीत अडकतात. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक केस पेपरवर दिसणारे पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन डीएसआरचे कॅप्सूल हे या दोन्ही चुका एकाच वेळी घडवते, कारण त्यात पँटोप्राझोलचे दाणे लेप दिलेले असतात आणि डॉम्पेरिडोन हळूहळू सुटणारे असते. ते उघडून दाणे कुटले, की दोन्ही औषधांचा हेतू संपला. पर्याय म्हणून तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोलची गोळी, किंवा शिरेत कॅन्युला (सलाईनची सुई) चालू असेल तर काही दिवस इंजेक्शन, असा प्रश्न राऊंडच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावा. सतत ‘पॅन’ (पँटोप्राझोल) देणे गरजेचे आहे का, हाही प्रश्न त्याच वेळी निघतो आणि कित्येकदा औषधच कमी होते.

कॅप्सूल उघडण्याआधीही विचारावे. डॅबिगॅट्रान हे रक्त पातळ ठेवणारे औषध कॅप्सूलच्या कवचाशिवाय दिले तर त्याचे शोषण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते आणि रक्तस्रावाचा धोका त्यासोबत वाढतो. रिव्हारोक्साबॅन आणि अ‍ॅपिक्साबॅन कुटून जठरातल्या नळीतून देता येतात, मात्र रिव्हारोक्साबॅन जठराच्या पुढे सोडले तर पुरेसे शोषले जात नाही. म्हणजे पुन्हा नळीचे टोक कुठे आहे, या प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. तेल भरलेली मऊ कॅप्सूल सुईने टोचून पिळण्याची पद्धत मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. तिच्यात किती औषध कवचात राहिले हे कोणालाच सांगता येत नाही. जिभेखाली ठेवायची गोळी नळीत घालू नये, नळी असलेल्या रुग्णालाही ती जिभेखालीच ठेवता येते.

काही गोळ्या रुग्णासाठी नव्हे, तर कुटणाऱ्यासाठी धोक्याच्या असतात. मेथोट्रेक्झेटसारखी पेशींवर घाव घालणारी औषधे वॉर्डातल्या उघड्या खलात कधीही कुटू नयेत. फिनास्टेराइड आणि ड्यूटास्टेराइड यांची कुटलेली गोळी किंवा फुटलेली कॅप्सूल गरोदर परिचारिकेने हाताळू नये, कारण मुलगा असलेल्या गर्भाला त्याने अपाय होऊ शकतो. प्रतिजैविकांची पूड उडून अंगावर पुरळ उठलेल्या सहकारी मी पाहिल्या आहेत. हातमोजे आणि मास्क यांचा कंटाळा करू नये.

येथे आपल्या भागातली एक अडचण सांगायला हवी. मेडिकलमधून गोळ्या कापून सुट्या दिल्या जातात आणि कातर नेमकी नावावरून फिरते. दिंडोरीहून किंवा सुरगाण्याहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी रुमालात बांधून आणलेल्या पाकिटांच्या तुकड्यांवर औषधाचे नाव असते, पण त्यापुढची ‘एसआर’ ही दोन अक्षरे दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलेली असतात. अशा तुकड्यावरून गोळी ओळखण्याचा प्रयत्न करू नये. बिलावरचे पूर्ण नाव पाहावे किंवा मेडिकलवाल्याला फोन करावा. नळी असलेल्या रुग्णासाठी पूर्ण पाकीटच घ्या, असे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगितले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

पूड, पाणी आणि सिरिंज

कुटण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. त्याआधी पाहावे, की हेच औषध पातळ रूपात, पाण्यात विरघळणाऱ्या ‘डीटी’ गोळीत किंवा फसफसणाऱ्या गोळीत मिळते का. साध्या, लेप नसलेल्या पुष्कळ गोळ्या न कुटताही १०-१५ मिलिलिटर पाण्यात टाकून काही मिनिटे थांबले, की स्वतःच विरून जातात आणि पूड उडत नाही. पातळ औषध नेहमीच सोपे असते असेही नाही. पुष्कळ सिरपांत सॉर्बिटॉल असते आणि दिवसात चार-पाच सिरपे मिळून इतके सॉर्बिटॉल जाते, की जुलाब सुरू होतात. मग फीड सोसत नाही असे समजून फीड कमी केले जाते आणि रुग्ण उपाशी राहतो. अशा रुग्णाचे जुलाब कशामुळे आहेत ते शोधताना औषधांची यादी आधी वाचावी. लॅक्ट्युलोज आणि पोटॅशियम क्लोराइडचे सिरप यांसारखी दाट किंवा तीव्र औषधे पाण्याने पुरेशी पातळ करूनच द्यावीत.

कुटायचेच असेल तर खल कोरडा, स्वच्छ आणि शक्यतो त्याच रुग्णासाठी ठेवलेला असावा. पूड वस्त्रगाळ हवी, बोटांत चोळली तर खर लागता कामा नये. एका वेळी एकच औषध कुटावे. दोन चमच्यांत दाबून किंवा कागदाच्या पुडीत वाटीने ठेचून केलेली पूड कागदाला आणि चमच्याला चिकटते, आणि लहान गोळीच्या बाबतीत हे नुकसान मोठे असते. म्हणून पूड १५ मिलिलिटर कोमट पाण्यात नीट कालवून सिरिंजमध्ये घ्यावी आणि खल त्यानंतर थोड्या पाण्याने विसळून तेही पाणी नळीत द्यावे. पाणी पिण्याचे स्वच्छ असावे, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा आतड्यात नळी असलेल्या रुग्णासाठी उकळून गार केलेले किंवा निर्जंतुक. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटेचे पाणी हाताला झोंबते. ते तसेच सोडू नये, कोमट करावे, पण कढतही नको.

सहा गोळ्या एकत्र कुटायच्या नाहीत, याची कारणे साधी आहेत. एकत्र कालवल्यावर कोणाची कोणाशी अभिक्रिया होईल हे आपल्याला सांगता येत नाही, मिश्रण दाट होऊन नळी बंद होते आणि अर्धे औषध सांडले किंवा उलटले तर नेमके कोणते गेले हे कळत नाही. याच कारणाने औषध फीडच्या बाटलीतही घालू नये. दुधातले किंवा तयार फीडमधले प्रथिन आंबट औषधाने फाटते आणि नळीत त्याची गुठळी होते.

सिरिंजबद्दल अतिशय काळजीने सांगते. नळीसाठीची सिरिंज आणि शिरेसाठीची सिरिंज वेगळी असलीच पाहिजे. कुटलेले औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवले आणि घाईत ते सलाईनच्या कॅन्युलाला लागले, तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. म्हणूनच आयएसओ ८०३६९-३ हे २०१६ चे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्याप्रमाणे बनवलेली एनफिट सिरिंज शिरेच्या जोडणीत बसतच नाही. जेथे ती मिळत नाही तेथे लांब तोंडाची ५० मिलिलिटरची सिरिंज वापरावी, तिच्यावर रुग्णाचे नाव, औषध आणि ‘फक्त नळीतून’ असे लिहावे आणि भरलेली सिरिंज तशीच ठेवून दुसऱ्या खाटेकडे जाऊ नये. लहान सिरिंजने जोर लावला तर आत दाब फार वाढतो आणि बारीक नळी फाटू शकते, हेही मोठी सिरिंज वापरण्याचे एक कारण आहे.

देण्याचा क्रम

रुग्णाची ओळख, औषध, मात्रा आणि वेळ पडताळून, हात धुऊन, खाटेची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करावी आणि औषध दिल्यानंतरही अर्धा ते एक तास ती तशीच ठेवावी. सपाट झोपलेल्या रुग्णाला कधीही देऊ नये. फीड चालू असेल तर थांबवावे. नळी चिमटून, टोपण काढून, टोकाची जागा वर सांगितल्याप्रमाणे तपासावी. नंतर १५ ते ३० मिलिलिटर पाणी सोडावे, म्हणजे नळीतले उरलेले फीड पुढे जाते. त्यानंतर पहिले औषध, शक्यतो दट्ट्या न दाबता सिरिंज उंच धरून आपल्या वजनाने उतरू द्यावे. मग १५ मिलिलिटर पाणी, मग दुसरे औषध, मग पुन्हा पाणी. खाली बसणारी पूड असेल तर सिरिंज हलकेच हलवत राहावी. शेवटी ३० मिलिलिटर पाणी. आधी पातळ औषधे, मग कुटलेली आणि दाट औषधे सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला तर नळी कमी वेळा अडते. पोटातले पाणी ओढण्यासाठी नळी पिशवीला किंवा सक्शनला जोडलेली असेल, तर औषधानंतर साधारण अर्धा तास ती बंद ठेवावी, नाहीतर दिलेले औषध पिशवीत परत येते.

हे पाणी हिशेबात धरायला आपण विसरतो. सकाळी सहा औषधे असतील तर सुरुवातीचे ३०, प्रत्येक औषधाचे १५ म्हणजे ९०, मधल्या पाच वेळचे ७५ आणि शेवटचे ३०, असे एकूण २२५ मिलिलिटर होते. ज्या रुग्णाला हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे दिवसाला एक लिटरच पाणी चालते, त्याचा जवळजवळ चौथा भाग एका वेळच्या औषधांत संपला. अशा रुग्णाचे मधले पाणी किती कमी करायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, लहान मुलांच्या बाबतीत तर नेहमीच; आणि इनटेक-आउटपुट चार्टवर फीडसारखेच हेही पाणी मांडावे. त्याबरोबर औषधाची वेळ, रूप, नळीचा सेंटीमीटरचा आकडा आणि काही त्रास झाला असल्यास तो लिहावा. औषध देताना खोकला, धाप, ओठ निळसर होणे किंवा ऑक्सिजन पातळी घसरणे यातले काहीही दिसले तर तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

फीडशी न जुळणारी औषधे

बहुतेक औषधे फीडच्या वेळेशी फारशी भांडत नाहीत, पण तीन औषधे आपल्या वॉर्डांत रोज असतात आणि त्यांची वेळ चुकली तर उपचारच फसतो. फेनिटोइन फीडबरोबर गेले तर त्याचे शोषण घटते आणि झटके परत येतात. त्यामुळे आधी आणि नंतर एक ते दोन तास, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, फीड थांबवावे लागते. त्याचे सस्पेन्शन बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून दर वेळी जोरात हलवावे. न हलवल्यास सुरुवातीच्या मात्रा फिक्या जातात आणि शेवटच्या जास्त तीव्र. फीड थांबवताना रुग्णाला इन्सुलिन चालू आहे का ते अवश्य पाहावे, कारण फीडच्या वेळा बदलल्या आणि इन्सुलिनच्या तशाच राहिल्या तर साखर उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. दुसरे लेव्होथायरॉक्सिन: सकाळी सहाला रिकाम्या पोटी देऊन पहिले फीड सातनंतर. तिसरे सिप्रोफ्लॉक्सासिन: त्याच्या आधी किमान एक तास आणि नंतर दोन तास फीड नको. त्याचे सस्पेन्शन तेलकट असल्यामुळे नळीला चिकटते, म्हणून येथे पातळ औषधापेक्षा कुटलेली साधी गोळीच बरी.

पेठ, सुरगाणा आणि इगतपुरीकडची माणसे घरून नाचणीची पेज आणतात. फीड म्हणून ती चांगलीच आहे, मी तिला कधी नाही म्हणत नाही. मात्र नाचणीत आणि दुधात भरपूर कॅल्शियम असते आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, लेव्होथायरॉक्सिन ही औषधे कॅल्शियमला जखडून जातात. म्हणून पेज बंद करू नका, वेळ बदला, असे समजावून सांगावे.

नळी अडली तर

गोळी कुटताना आलेला जाडेपणा, न दिलेले पाणी आणि दुधाबरोबर गेलेले आंबट द्रव ही नळी बंद होण्याची नेहमीची कारणे. आपल्याकडे द्राक्षांच्या हंगामात नातेवाईक प्रेमाने द्राक्षांचा रस काढून आणतात आणि तो दुधाच्या फीडमागोमाग सोडला, की नळीतच दही लागते. इसबगोल मात्र नळीतून कधीही देऊ नये. ते पाण्याने फुगते आणि नळी कायमची बुजते.

नळी अडली तर प्रथम बाहेर कुठे पीळ किंवा चिमटा राहिला नाही ना ते पाहावे. मग मोठ्या सिरिंजने आत साचलेले जेवढे ओढता येईल तेवढे ओढावे, कोमट पाणी भरून हलक्या हाताने पुढे-मागे करावे, पाणी आत तसेच ठेवून दहा-पंधरा मिनिटे नळी चिमटून थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावू नये, तार किंवा सळई घालू नये, कोल्ड्रिंक तर मुळीच नको, कारण त्यातले आम्ल प्रथिनाची गुठळी आणखी घट्ट करते. एवढ्याने सुटली नाही तर डॉक्टर स्वादुपिंडाची पाचके आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण वापरण्यास सांगू शकतात, नाहीतर नळी बदलावी लागते. रायल्स ट्यूब बदलणे म्हणजे रुग्णाला पुन्हा तोच त्रास आणि पुन्हा एक्स-रे. औषधानंतरचे ३० मिलिलिटर पाणी वाचवण्यात काही शहाणपण नाही.

घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे आणि वेळा असतात. नळीतून कोणती कशी द्यायची हे बहुधा नसते. ते आपण वेगळ्या कागदावर मराठीत लिहून द्यावे: ही गोळी पाण्यात विरघळवा, ही कुटा, ही कुटू नका, ही रिकाम्या पोटी. पेठ-सुरगाण्याकडच्या कोकणा बोलणाऱ्या वयस्क मावशींना वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढून, प्रत्येक गोळीचे पाकीट कागदाला टाचून द्यावे. त्यांच्याकडून एकदा आपल्यासमोर सगळे करवून घ्यावे, नुसते ‘समजले का’ विचारू नये, कारण सिस्टरांसमोर कोणी समजले नाही असे म्हणत नाही. मसाला कुटायचा खलबत्ता औषधासाठी वापरू नये. छोटा वेगळा घ्यायला सांगावा आणि तो दर वेळी साबणाने धुऊन वाळवायला सांगावा. पुढे कोणत्याही दवाखान्यात नवीन औषध लिहून मिळाले, तर ‘आमच्या पेशंटला नळी आहे’ हे पहिले वाक्य असावे, डॉक्टरांपाशीही आणि मेडिकलवाल्यापाशीही.

नळी निघून आली तर ती घरी परत घालू नये आणि औषध तोंडाने पाजू नये. पेगची नळी निघाली तर पोटावरचे छिद्र काही तासांतच आकसू लागते, आणि पेग बसवून महिनाही झाला नसेल तर ती घाईघाईने आत ढकलल्यास जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. म्हणून छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून, निघालेली नळी पिशवीत सोबत घेऊन, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.